बेळगावच्या ऊसदरामागचं जग

नोव्हेंबर २०२५ मध्ये मुडलगी तालुक्यातल्या गुर्लापूर क्रॉसवर शेतकरी ठिय्या देऊन बसले ते उसाला टनामागे ३,५०० रुपयांसाठी. बघता बघता आंदोलन जिल्हाभर पसरलं. ७ नोव्हेंबरला ११.२५ टक्के उताऱ्याला (म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेच्या प्रमाणाला) तोडणी-वाहतूक वगळून ३,३०० रुपये अशी तोड निघाली, त्यातले ५० रुपये राज्य सरकारने उचलायचे. बंगळूरने दिल्लीकडे बोट दाखवलं: साखरेचा किमान विक्रीदर वाढवत नाहीत, पेट्रोलमध्ये मिसळायच्या इथेनॉलचा कोटा पुरेसा देत नाहीत. दिल्लीने ते झटकून टाकलं. पण या भांडणाची मुळं दोन्ही राजधान्यांच्या पलीकडे, जिनिव्हातल्या जागतिक व्यापार संघटनेत आणि तेलाच्या बाजारात गेलेली आहेत, आणि ती समजून घेतल्याशिवाय पुढच्या हंगामाचं कोडं सुटणार नाही.

उगारला १९३९ साली साखरेची कंपनी स्थापन झाली. नंतर संकेश्वर, निपाणी, चिकोडीकडे सहकारी कारखाने आले आणि कृष्णा, दूधगंगा, घटप्रभेचा काठ उसाने भरला. उसाचा किमान दर केंद्र १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाखाली ठरवतं. २००९ पासून त्याला एफआरपी, म्हणजे रास्त आणि किफायतशीर दर, म्हणतात. हा दर सरकार ठरवतं, पैसे मात्र कारखाना देतो. सगळा आंतरराष्ट्रीय वाद याच मुद्द्यावर फिरला.

२०१७-१८ ला देशात साखरेचं विक्रमी उत्पादन झालं, भाव पडले, ऊसबिलं थकली. केंद्राने २०१८ मध्ये साखरेला किलोला २९ रुपये किमान विक्रीदर बांधून दिला, फेब्रुवारी २०१९ मध्ये तो ३१ केला आणि निर्यातीसाठी कारखान्यांना मदत दिली. ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला त्याच सुमारास जागतिक व्यापार संघटनेत गेले. त्यांचं म्हणणं असं, की विकसनशील देशाला एखाद्या पिकाच्या उत्पादनमूल्याच्या १० टक्क्यांपर्यंतच असं साहाय्य देता येतं आणि भारताने ती मर्यादा ओलांडली. भारताने उत्तर दिलं, सरकार ऊस विकतच घेत नाही, तिजोरीतून एफआरपीचा पैसा जात नाही, मग हे साहाय्य कसलं? डिसेंबर २०२१ मध्ये तंटा मंडळाने ते मान्य केलं नाही. कायद्याने बांधलेला दर म्हणजेच बाजारभावाला टेकू, मग पैसे कुणीही देवो, असा निकाल लागला. २०१४-१५ ते २०१८-१९ असे पाचही हंगाम त्यात दोषी ठरले.

भारताने अपील केलं, पण ते ऐकायला कुणी नव्हतं. अमेरिकेने अपील मंडळावरच्या नेमणुका अडवून धरल्यामुळे ते डिसेंबर २०१९ पासून बंद पडलं आहे. त्यामुळे निकाल लोंबकळत राहिला. आपल्याला तात्पुरता दिलासा मिळाला हे खरं. पण उद्या ते मंडळ पुन्हा सुरू झालं तर एफआरपीची पद्धतच कचाट्यात सापडेल, याची चर्चा आपल्याकडे कुठल्याच ऊस परिषदेत पुरेशी होत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

जादा साखरेला दुसरी वाट हवी होती, ती इथेनॉलची. १९७३ च्या तेलसंकटानंतर ब्राझीलने १९७५ मध्ये उसाच्या अल्कोहोलवर गाड्या चालवण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. आपण २००३ मध्ये काही राज्यांत पेट्रोलमध्ये ५ टक्के मिश्रणाने सुरुवात केली आणि बरीच वर्षं रेंगाळलो. २०१८ च्या जैवइंधन धोरणाने वेग आला. २० टक्क्यांची २०३० ची मुदत अलीकडे ओढून २०२५-२६ केली. कच्च्या तेलाच्या गरजेपैकी ८५ टक्क्यांच्या आसपास आपण आयात करतो; २०२२ मध्ये युक्रेन युद्धाने तेल भडकलं तेव्हा इथेनॉल हा सुरक्षेचा प्रश्न झाला. ग्लासगोच्या हवामान परिषदेत २०७० च्या निव्वळ शून्य उत्सर्जनाचा शब्द आधीच दिलेला होता. सप्टेंबर २०२३ मध्ये जी-२० परिषदेत जागतिक जैवइंधन आघाडी जाहीर झाली.

कागवाड, अथणीकडे आता कारखान्यांच्या गव्हाणीमागे डिस्टिलरीच्या टाक्या दिसतात. दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर काट्यावर चढतो, ड्रायव्हर पावती खिशात कोंबतो. पावतीवर वजन असतं. उतारा किती धरला जाईल आणि रसातला किती भाग साखरेला, किती इथेनॉलला जाईल, हे त्या गेटवर कुणालाच माहीत नसतं.

त्याच २०२३ मध्ये पाऊस दगा देऊन गेला. सप्टेंबरमध्ये महाराष्ट्राने परराज्यात ऊस न्यायला बंदी घातली आणि शेतकऱ्यांनी आवाज उठवताच काही दिवसांत मागे घेतली. सीमेवरच्या माणसाला तेव्हा कळलं की आपला ऊस कुठल्या राज्याचा, हा प्रश्नही ढग ठरवू शकतात. डिसेंबरमध्ये केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करायलाच मनाई केली, मग आठवड्याभरात मर्यादा घालून थोडी सैल सोडली. कर्ज काढून डिस्टिलऱ्या उभारलेल्या कारखान्यांचं गणित तिथेच बिघडलं. रसाच्या इथेनॉलचा दर २०२२-२३ पासून लिटरला ६५ रुपये ६१ पैशांवर अडला, साखरेचा किमान दर गुर्लापूरच्या आंदोलनापर्यंत ३१ वरच होता, आणि तोडणी-वाहतूक धरून मोजली जाणारी एफआरपी मात्र २०१८-१९ च्या टनाला २,७५० वरून २०२५-२६ ला ३,५५० वर गेली.

पाण्याचा हिशेब वेगळाच. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालानुसार उसाच्या एक लिटर इथेनॉलमागे सुमारे २,८६० लिटर पाणी लागतं. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात हाच कृष्णाकाठ पाण्याखाली होता आणि उभा ऊस कुजला. पूर आणि दुष्काळ दोन्ही सोसणाऱ्या पट्ट्यावर देशाच्या इंधनाचा भार टाकताना त्याच्या पाण्याची सोय काय, हे धोरणात यायला हवं होतं.

२०२५-२६ साठी तेल कंपन्यांनी दिलेल्या इथेनॉलच्या कोट्यात ऊस-मळीचा वाटा चौथ्या हिश्श्याहून थोडाच जास्त, बाकी मका आणि तांदूळ. अमेरिकेला तिच्या मक्याचं इथेनॉल भारतात विकायचं आहे आणि इंधनासाठीच्या आयातीवर आपण घातलेल्या निर्बंधांची तक्रार ती व्यापाराच्या बोलण्यात सातत्याने करत आली आहे. ते निर्बंध उठले तर अथणी आणि कागवाडच्या डिस्टिलऱ्यांसमोरची स्पर्धा थेट अमेरिकी मक्याशी असेल.