एम्प्टी बोल्स

एम्प्टी बोल्स हा अमेरिकेत सुरू झालेला उपक्रम. कुंभारकाम करणारी मंडळी वाडगे बनवून फुकट देतात, गावातली हॉटेलं सूप देतात, येणारा माणूस ठरलेली देणगी देऊन सूप-ब्रेड खातो आणि एक वाडगा घरी घेऊन जातो, जमलेले पैसे त्याच भागातल्या फूड बँकेला (गरजूंना फुकट अन्नधान्य देणारी संस्था) किंवा मोफत जेवण देणाऱ्या किचनला जातात. घरी तो रिकामा वाडगा समोर दिसला की आपल्याच गावात कुणीतरी उपाशी आहे हे आठवावं, अशी त्यामागची कल्पना.

सुरुवात मिशिगन राज्यातल्या ब्लूमफील्ड हिल्स इथे १९९० च्या सुमारास झाली. जॉन हार्टम हे तिथल्या हायस्कुलात कला शिकवायचे, शाळेत गरजूंसाठी मदत गोळा करायचं चाललं होतं तर त्यांनी मुलांकडून वर्गातच मातीचे वाडगे करून घेतले, मग शाळेच्या स्टाफला त्यातच सूप वाढलं आणि जेवण झाल्यावर सांगितलं की वाडगे आता तुमचेच. हार्टम आणि लिसा ब्लॅकबर्न यांनी पुढे हे शाळेबाहेर नेलं. हेड ऑफिसातून चालणारी ही गोष्ट नाही, प्रत्येक गावाचा कार्यक्रम त्या गावाचा, हिशोबही त्यांचाच, आणि मला वाटतं म्हणूनच ते इतक्या ठिकाणी पसरलं. शाळा, कॉलेजचे सिरॅमिक्स विभाग, चर्च, कम्युनिटी स्टुडिओ, कुणीही करतं.

लोकांना दिसतो तो एका दुपारचा कार्यक्रम पण खरं काम आधीचे काही महिने चालू असतं. शेकडो वाडगे लागतात. त्यासाठी बऱ्याच स्टुडिओत 'बोल-अ-थॉन' ठेवतात, म्हणजे शनिवार-रविवार सगळ्यांनी जमायचं, कुणी माती मळून वजन करून गोळे करायचे, कुणी चाकावर बसायचं, ज्यांना चाक येत नाही त्यांनी साच्यावर मातीची पोळी दाबून वाडगा करायचा. साधारण अर्धा किलो मातीत सुपाचा एक वाडगा होतो. हात बसलेला माणूस तो दोन-तीन मिनिटांत काढतो, काहीजण तर आपल्याकडचे कुंभार पणत्या काढतात तसं एकाच मोठ्या गोळ्यावरून एकामागून एक काढत बसतात. पण चाकावरून उतरला म्हणजे झाला असं नाही ना. अर्धवट सुकल्यावर उलटा ठेवून बुडाची जादा माती तासायची, पूर्ण सुकू द्यायचा, साधारण १००० डिग्री सेल्सिअसला पहिली भाजणी, मग ग्लेझ म्हणजे भाजल्यावर काचेसारखा होणारा लेप लावायचा, आणि स्टोनवेअर म्हणजे जास्त तापमानाला भाजायची घट्ट माती असेल तर १२०० डिग्रीच्या वर दुसरी भाजणी. या सगळ्यात माती आकसते, दहा-बारा टक्के तरी, त्यामुळे नवशिक्याने 'बरोबर मापाचा' केलेला वाडगा शेवटी चटणीची वाटी होऊन बाहेर येतो. ग्लेझ खाण्याच्या भांड्याला चालणारं, शिशाशिवायचंच पाहिजे, यात तडजोड नाही. आणि भट्टीत काही वाडगे तडकतात, काही शेल्फला चिकटतात, म्हणून मोजून तेवढेच केले तर कमी पडतात.

कार्यक्रमाच्या दिवशी दारापाशी टेबलांवर वाडगे मांडलेले असतात, जो आधी येईल तो आधी निवडणार, त्यामुळे चांगल्या हातचे वाडगे पहिल्या तासात उडतात आणि शाळेतल्या पोरांचे वाकडे उरतात (ते वाकडेच मुद्दाम शोधणारेही असतात). आता बऱ्याच ठिकाणी सूप कागदी वाटीतच देतात, कारण टेबलावरचा वाडगा शंभर हातांतून गेलेला असतो आणि तिथे धुवायची सोय नसते. कोविडच्या काळात काही गावांनी गाडीत बसल्या बसल्या वाडगा आणि डब्यात सूप देऊन भागवलं.

टीकाही होते आणि ती कुंभारांकडूनच जास्त. एक तर प्रत्येकजण कलाकाराकडेच फुकट वस्तू मागायला येतो. त्यात अमेरिकेच्या टॅक्सचा नियम असा की कलाकाराने स्वतः बनवलेली वस्तू दान केली तर वजावट फक्त मटेरियलच्या खर्चाची मिळते, बाजारभावाची नाही, हे १९६९ पासून चालत आलंय. म्हणजे दुकानात चांगल्या किमतीला विकला गेला असता त्या वाडग्यासाठी कुंभाराच्या हाती वजावट कशाची, तर थोडी माती आणि थोडं ग्लेझ, मजुरी शून्य! आपल्याकडे बलुतेदारीत कितीही अन्याय असला तरी मडक्याच्या बदल्यात सुगीला धान्य यायचं, इथे तेही नाही. शिवाय हस्तकलेचा वाडगा जेवणासकट स्वस्तात मिळतो अशी गावाला सवय लागते.

दुसरा आक्षेप असा की ही एकमेकांना मदत नाही, दानधर्म आहे. देणारे एका बाजूला, घेणारे दुसऱ्या, आणि ज्याला फूड बँकेची गरज आहे तो त्या सुपाच्या टेबलावर बहुतेक वेळा नसतोच. हे मला पटतं, पण अर्धंच, कारण बोल-अ-थॉनमध्ये ज्यांनी कधी मातीला हात लावला नव्हता ते शिकतात, स्टुडिओ आपली भट्टी आणि वीज देतो, आणि पैसे बाहेर न जाता गावातच फिरतात.

खऱ्या अर्थाने परस्पर मदत बघायची तर क्राफ्ट इमर्जन्सी रिलीफ फंड बघावा, आता त्याला सर्फ प्लस म्हणतात. हस्तकलेच्या जत्रांमध्ये कुणाचा स्टुडिओ जळला, कुणी आजारी पडलं की बाकीचे कारागीर आपसात वर्गणी काढायचे, त्यातून १९८५ साली हा फंड उभा राहिला. तो कुंभार, काचकाम करणारे, विणकर अशा सगळ्यांना अडचणीत मदत करतो. अशी मदत का लागते ते बघा: सप्टेंबर २०२४ मध्ये हेलीन वादळाने नॉर्थ कॅरोलिनातल्या ॲशव्हिलच्या रिव्हर आर्ट्स डिस्ट्रिक्टचा मोठा भाग पाण्याखाली गेला, तिथे कलाकारांचे स्टुडिओच स्टुडिओ आहेत. अशा वेळी भट्ट्या, चाकं, तयार माल सगळंच जातं, आणि घरातच स्टुडिओ असेल तर घराच्या साध्या विम्यात धंद्याचं सामान सहसा पूर्ण धरलेलं नसतं, हे बऱ्याच जणांना नुकसान झाल्यावर कळतं.