गिअरबॉक्स उतरवण्याआधी

जुनी ऑटोमॅटिक गाडी रिव्हर्स घेईनाशी झाली किंवा गिअर बदलताना झटके देऊ लागली, की गॅरेजमध्ये एक वाक्य हमखास ऐकू येतं: "गिअरबॉक्स बसला, उतरवावा लागेल." माझ्या मते जुन्या गाडीच्या मालकाला सर्वांत महाग पडणारं वाक्य हेच. तेलाचा दाब, त्याची पातळी, कोणता गिअर कधी आणि कसा लागतो हा सगळा पुरावा गिअरबॉक्स चालू असतानाच मिळतो. एकदा खोलला की समोर उरतात ते फक्त सुटे भाग. म्हणून आधी विचारायचं ते इतकंच: नेमका कोणता गिअर गेला?

या प्रश्नाचं उत्तर कामी येतं, कारण या यंत्राची रचनाच तर्कशुद्ध आहे. मोठ्या प्रमाणावर बनलेला पहिला पूर्ण ऑटोमॅटिक गिअरबॉक्स म्हणजे जनरल मोटर्सचा हायड्रा-मॅटिक. तो 1940 च्या ओल्ड्समोबिलमध्ये आला. 1964 मध्ये त्याच कंपनीने टर्बो हायड्रा-मॅटिक 400 आणला. तीन गिअरचा हा दणकट गिअरबॉक्स कॅडिलॅक आणि ब्यूकमध्ये बसवला गेला आणि रोल्स-रॉइसनेही तो आपल्या सिल्व्हर शॅडोसाठी घेतला. पुढची उदाहरणं याच गिअरबॉक्सची आहेत.

इंजिन आणि गिअर यांच्यामध्ये तेलाने भरलेला टॉर्क कन्व्हर्टर असतो. इंजिनला जोडलेली पाती तेल फेकतात, त्या तेलाने समोरची पाती फिरतात. मधला स्टेटर परतणाऱ्या तेलाची दिशा वळवतो, त्यामुळे गाडी सुटताना इंजिनचा जोर जवळजवळ दुप्पट होतो. मागे असतात ग्रहमालेसारखे रचलेले गिअर: मधोमध सूर्य, भोवती ग्रह, बाहेर दात असलेलं कडं. यातला एक भाग पकडून ठेवायचा आणि दुसरा फिरवायचा, की तिसऱ्याचा वेग ठरतो. पकडण्याचं काम करतात क्लच आणि बँड. क्लच म्हणजे पोळ्यांच्या चवडीसारख्या एकावर एक रचलेल्या चकत्या, एक पोलादी तर एक कागदी अस्तराची. तेलाच्या दाबाने त्या आवळल्या जातात. बँड म्हणजे फिरत्या ड्रमभोवती आवळला जाणारा पट्टा. पायाखाली ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला असताना हा दाब सुमारे 150 पीएसआयपर्यंत जातो, म्हणजे गाडीच्या टायरमधल्या हवेच्या पाचपट. रिव्हर्समध्ये तर याहूनही बराच जास्त.

गिअर कधी बदलायचा, हेही तेलच ठरवतं. गव्हर्नर नावाचा भाग गाडीच्या वेगाप्रमाणे तेलाचा दाब वाढवतो. दुसरा दाब इंजिनवरचा भार सांगतो. एका छोट्या व्हॉल्व्हच्या दोन टोकांवर हे दोघे एकमेकांविरुद्ध उभे राहतात. वेगाचा दाब वरचढ ठरला की व्हॉल्व्ह सरकतो आणि वरचा गिअर पडतो. इलेक्ट्रॉनिक्सचा पत्ताही नसताना हे जमवणाऱ्या अभियंत्यांबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

आता निदान. या गिअरबॉक्समध्ये फॉरवर्ड क्लच पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरमध्ये लागतो. डायरेक्ट क्लच लागतो तिसऱ्यात आणि रिव्हर्समध्ये. रिव्हर्सला शिवाय मागचा बँडही हवा असतो. समजा, पहिला आणि दुसरा ठणठणीत आहेत, पण तिसरा आणि रिव्हर्स दोन्ही गायब. दोघांत सामाईक काय? डायरेक्ट क्लच. तिसरा उत्तम लागतो पण रिव्हर्स नाही, तर संशय मागच्या बँडवर. खात्री करायची असेल तर लिव्हर 'लो'मध्ये, म्हणजे पहिल्या गिअरवर, ठेवून गाडी चालवावी आणि ॲक्सिलरेटरवरून पाय उचलावा. इंजिनचा ब्रेक लागत नसेल, म्हणजे इंजिन गाडीला मागे ओढत नसेल, तर बँडच, कारण तिथेही तोच काम करतो. रिव्हर्स चालतो पण गाडी पुढे जातच नाही, तर फॉरवर्ड क्लच. पाना हातात न घेता इतकं कळतं.

आणि कित्येकदा दोष गिअरबॉक्सच्या आत नसतोच. इंदूरला आमच्या परिचयातल्या एका घरी 1968 ची कॅडिलॅक आहे. गिअर उशिरा बदलायचा, बदलताना दणका द्यायचा आणि सायलेन्सरमधून ढगासारखा धूर यायचा. एका गॅरेजने दोन निर्णय दिले: गिअरबॉक्स बसला आणि इंजिनच्या पिस्टनवरच्या रिंगाही गेल्या. दुसऱ्या एका वयस्कर उस्तादांनी मात्र धूर पाहून गाडीच्या मालकांना विचारलं, "नाना, गिअरचं तेल कमी होतंय का?" होत होतं, आणि खाली फरशीवर एक थेंब नव्हता. उस्ताद गाडीखाली गेले आणि गिअरबॉक्सच्या मागच्या बाजूला असलेल्या मॉड्युलेटरची रबरी नळी त्यांनी उपसली. नळीच्या टोकातून लाल तेल ठिबकलं.

मॉड्युलेटर म्हणजे मुठीएवढा पत्र्याचा डबा, आत रबरी पडदा. इंजिनची पोकळी, म्हणजे व्हॅक्यूम, नळीवाटे या पडद्यापर्यंत येते. व्हॅक्यूम कमी म्हणजे इंजिनवर भार जास्त, असा त्याचा अर्थ. पडदा फाटला तर दोन गोष्टी घडतात: गिअरबॉक्सला वाटतं की चालकाने ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबलाय, म्हणून दाब वाढतो, गिअर उशिरा आणि आपटून बदलतो. शिवाय इंजिन त्या भोकातून गिअरचं तेल शोषून जाळू लागतं. रिंगा गेल्यावरचा धूर निळसर असतो, हा पांढरा. एका बोल्टने धरलेला तो डबा बदलला आणि दोन्ही आजार एकदम गेले.

इथे इंदूरकरांनी एक हिशेब लक्षात ठेवावा. आपलं शहर समुद्रसपाटीपासून सुमारे 550 मीटर उंचावर आहे. दर 300 मीटरला व्हॅक्यूम मोजणारा गेज साधारण एक इंच (पाऱ्याचा) कमी दाखवतो. परदेशी मॅन्युअलमध्ये 18 इंच लिहिलं असेल आणि इथे 16 दिसले, तर इंजिन आजारी नाही, हवाच तेवढी विरळ आहे.

तेल तपासणंही नीट व्हावं. गाडी सपाट जागी, इंजिन गरम आणि चालू, लिव्हर पार्कमध्ये, मग डिपस्टिक, म्हणजे तेलाची पातळी दाखवणारी पट्टी. लाल रंग चांगला. तपकिरी रंग आणि करपट वास म्हणजे क्लचची अस्तरं जळताहेत. गुलाबी, दुधाळ दिसलं तर रेडिएटरमधल्या कूलरमधून पाणी शिरलंय, आणि पाण्याने कागदी अस्तरांचा चिकटा सुटतो, तेव्हा गाडी तिथेच थांबवावी. या तेलात घर्षण नेमकं ठेवणारी द्रव्यं असतात. त्यासाठी एकेकाळी स्पर्म व्हेल या देवमाशाचं तेल वापरत. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत त्यावर बंदी आली आणि रसायनशास्त्रज्ञांना पर्याय शोधावे लागले. आज बाजारात डेक्सरॉन वर्गातलं योग्य तेल मिळतं, तेव्हा कोणतंही लाल तेल ओतू नये.

तेलाचा खरा शत्रू उष्णता. तापमान दर 10 अंशांनी वाढलं की तेल खराब होण्याचा वेग साधारण दुप्पट होतो, असा ढोबळ नियम आहे. मे महिन्यात राजवाड्याच्या गर्दीत रांगत जाताना कन्व्हर्टरमध्ये इंजिनची बरीच शक्ती नुसती तेल तापवण्यात जाते. इंदूरजवळचा भेरू घाट चढतानाही तेच. अशा वापरासाठी रेडिएटरसमोर वेगळा ऑइल कूलर बसवणं हा खर्च मी कधीच वायफळ मानणार नाही.

तरीही क्लच खरोखर जळला असेल, तर गिअरबॉक्स उतरवावाच लागतो. आधी पॅन, म्हणजे गिअरबॉक्सखालचं तेलाचं तसराळं, पाहावा: तळाशी बारीक करडी पूड असणं साहजिक, पण पितळेचे कण म्हणजे बुश (दांड्यांना आधार देणारी कडी) झिजलेत आणि पोलादाचे तुकडे म्हणजे गिअर तुटलाय. जुन्या गाड्यांत रबरी सील कडक होतात. सकाळी थंड असताना ड्राइव्ह लागायला वेळ लागतो तो बहुधा त्यांच्यामुळे, म्हणून सगळे सील बदलावेत. व्हॉल्व्ह बॉडीतला, म्हणजे सगळे व्हॉल्व्ह ज्यात बसतात त्या ठोकळ्यातला, प्रत्येक व्हॉल्व्ह धुऊन, वाळवून भोकात सोडला की स्वतःच्या वजनाने घसरला पाहिजे. पुसायला धागे सुटणारं फडकं नको. जळालेल्या अस्तरांचा गाळ कन्व्हर्टरमध्ये आणि कूलरच्या नळ्यांतही साचलेला असतो. कन्व्हर्टर बदलल्याशिवाय किंवा नीट साफ करून घेतल्याशिवाय आणि नळ्या दाबाने धुतल्याशिवाय नवं तेल भरू नये, नाहीतर नव्या चकत्यांवर पहिल्याच दिवशी जुना गाळ चढतो.