नेस्टेड पाइप-फिटिंग घटक

इमारतींच्या संगणकीय प्रतिमानात एल्बो (वळण), टी (तीन तोंडांचा जोड), रेड्युसर (व्यास कमी करणारा जोड), फ्लँज (बोल्टने जोडायची कडा) अशी नळजोडणी दाखवणारा, पॅरामीटरांवर म्हणजे बदलता येणाऱ्या मापांवर चालणारा आणि ज्याच्या पोटात इतर स्वतंत्र घटक बसवलेले असतात असा घटक. बाहेरच्याला यजमान घटक व आतल्याला नेस्टेड घटक म्हणतात. रेव्हिट या इमारत-प्रतिमानाच्या संगणकप्रणालीत दोहोंना फॅमिली ही संज्ञा आहे; पुढील तांत्रिक विवेचन मुख्यतः त्याच प्रणालीला धरून केले आहे.

उगम : मूळ नमुना एकदाच काढावा, त्याच्या प्रती हव्या तेथे ठेवाव्यात आणि मूळ बदलताच सर्व प्रती बदलाव्यात, ही कल्पना आयव्हन सदरलंड यांच्या १९६३ मधील ‘स्केचपॅड’ प्रबंधात स्पष्टपणे आढळते. तेथे एका नमुन्याच्या प्रती दुसऱ्या नमुन्यात ठेवता येत आणि रेषांवर बंधनेही घालता येत. त्यामुळे नेस्टिंगचा प्रारंभ तेथूनच धरण्याकडे कल असतो. चार्ल्स ईस्टमन यांच्या १९७० च्या दशकाच्या मध्यातील ‘बिल्डिंग डिस्क्रिप्शन सिस्टिम’ला अग्रमान देणारे दुसरे मत आहे; रेखाकृतीऐवजी इमारतीचा भाग म्हणून घटकाची नोंद तेथे झाली, हा त्याचा आधार. मात्र यजमानातील एका मापावरून आतल्या घटकाची मापे चालवणे ही जी आजची रीत आहे, तिचा जवळचा वारसा यंत्र-आरेखनाकडून आलेला दिसतो. सॅम्युएल गाइसबर्ग यांनी १९८५ मध्ये स्थापन केलेल्या पॅरामेट्रिक टेक्नॉलॉजी कॉर्पोरेशनची ‘प्रो/इंजिनिअर’ प्रणाली १९८७-८८ च्या सुमारास बाजारात आली. तिच्यावर काम केलेले लिओनिद राइझ व अर्विन युंगराइस यांनी १९९७ मध्ये नवी कंपनी काढली. तिच्या रेव्हिटची पहिली आवृत्ती २००० मध्ये निघाली आणि २००२ मध्ये ऑटोडेस्कने ती कंपनी विकत घेतली. आर्किकॅड या दुसऱ्या इमारत-प्रतिमान प्रणालीच्या, वस्तूंचे वर्णन करणाऱ्या जीडीएल भाषेत एक वस्तू दुसरीला आज्ञेने बोलावते व मापे तिच्याकडे सोपवते. ही परंपरा उगम म्हणून नव्हे, तर समांतर म्हणून पाहणे अधिक युक्त ठरेल.

नियंत्रणाचा मार्ग : मापांचा प्रवाह यजमानाकडून आत, असा एकाच दिशेने असतो. यजमानातील पॅरामीटर नेस्टेड घटकातील त्याच जातीच्या पॅरामीटरशी जोडला जातो. परंतु आतल्या घटकाने काढलेले उत्तर यजमानाच्या सूत्रात परत वाचता येत नाही. म्हणून फ्लँजची जाडी एल्बोच्या एकूण लांबीत धरायची असेल, तर ती यजमानातच काढून आत पाठवावी लागते. नेस्टिंग दोन-तीन पातळ्यांचे असल्यास हीच जोडणी प्रत्येक पातळीवर पुन्हा करावी लागते आणि मधली एक कडी राहिली तरी आतला घटक जुन्याच मापावर थांबतो.

फिटिंगच्या बाबतीत आणखी एक अट येते. नळाचा व्यास बदलताच फिटिंग आपोआप बदलावी, यासाठी कनेक्टरचा, म्हणजे फिटिंग नळाला जेथे जोडली जाते त्या स्थानाचा, व्यास नगागणिक बदलणाऱ्या, म्हणजे इन्स्टन्स पॅरामीटरला जोडलेला असावा लागतो. कनेक्टर यजमानातच ठेवणे आणि त्यांचे अक्ष घटकाच्या मूळबिंदूत छेदतील असे पाहणे, ही यातील सुरक्षित रीत होय. कोन बदलणाऱ्या एल्बोच्या टोकाला फ्लँज बसवताना ती फिरत्या संदर्भ-पातळीवर (भूमिती बांधण्यासाठीच्या सहायक पातळीवर) न बसवता संदर्भ-रेषेच्या टोकाशी असणाऱ्या लंब पातळीवर बसवावी. संदर्भ-पातळी फिरवली तर घटक विस्कटण्याचा संभव अधिक.

मापे सूत्राने काढावीत की मानकातील तक्त्यावरून घ्यावीत, हा या विषयातील जुना मतभेद आहे. वक्रत्रिज्या त्रि आणि वळणाचा कोन को मानल्यास एल्बोच्या मध्यापासून टोकापर्यंतचे अंतर त्रि × टॅन (को/२) इतके येते. एएसएमई बी१६.९ या पोलादी फिटिंगच्या अमेरिकी मानकाच्या लाँग रेडियस एल्बोत त्रिज्या नामांकित व्यासाच्या दीडपट असते. त्यामुळे ४ इंची, ९० अंशांच्या एल्बोसाठी सूत्राने १५२.४ मिमी येतात आणि मानकातील तक्ता १५२ मिमी देतो. पण ४५ अंशांच्या एल्बोला सूत्र ६३.१ मिमी सांगते, तर तक्त्यात ६४ मिमी आहेत. एका जोडावर हा फरक नगण्य वाटतो. कारखान्यात आधीच कापून आणलेल्या नळांच्या लांब ओळीत तो साचत जातो. रेव्हिटमध्ये तक्ता घटकातच साठवून ‘साइझ लुकअप’ सूत्राने वाचण्याची सोय २०१४ च्या आवृत्तीपासून आहे; त्यापूर्वी तक्त्याची फाइल बाहेर ठेवावी लागे आणि संगणक बदलला की ती हरवे. हा तक्ता दोन ओळींमधली किंमत अंदाजाने काढत नाही, ओळ न सापडल्यास ठरवून दिलेली पर्यायी किंमत घेतो. ती पर्यायी किंमत खरी वाटेल अशी ठेवणे धोक्याचे असते, कारण मग चूक डोळ्यांना दिसत नाही. मानक मापांसाठी तक्ता आणि अधल्यामधल्या कोनांसाठी सूत्र, ही विभागणी सर्वांत समाधानकारक दिसते.

शेअर्ड घटक व मोजणी : नेस्टेड घटक ‘शेअर्ड’ केला की तो यादीत स्वतंत्र मोजला जातो व त्याला वेगळी चिठ्ठी लावता येते, तसे न केल्यास तो यजमानातच विरून जातो. याची किंमत अशी की शेअर्ड घटकाचे टाइप पॅरामीटर, म्हणजे एका प्रकारच्या सर्व नगांना समान असणारे पॅरामीटर, यजमानाशी जोडता येत नाहीत, केवळ इन्स्टन्स पॅरामीटर जोडता येतात. शिवाय दृश्यता बंद करून लपवलेला शेअर्ड घटक चित्रातून गेला तरी यादीत उरतो. १०० मिमी फ्लँजला पीएन ६ या दाबवर्गात ४ आणि पीएन १० व पीएन १६ वर्गांत ८ बोल्ट लागतात. समोरासमोरच्या दोन्ही फ्लँजमध्ये बोल्ट नेस्ट केलेले असल्यास एका सांध्याचे ८ ऐवजी १६ बोल्ट मोजले जातात आणि एका बाजूचे लपवूनही आकडा सुधारत नाही. यावर, कोणता घटक बसवायचा हे ठरवणारा ‘फॅमिली टाइप’ पॅरामीटर ठेवून त्या जागी रिकामा घटक बदलून बसवणे हाच भरवशाचा उपाय होय. याच पॅरामीटरने टोकाचा प्रकार, म्हणजे फ्लँज, आट्याचे टोक किंवा सॉकेट (नळ ज्यात सरकवून बसतो ते टोक), निवडता येतो आणि ती निवड सूत्रावरही सोपवता येते.

खानदेशातील मापे : जळगाव व परिसर हे प्लास्टिक नळ आणि फिटिंगच्या उत्पादनाचे मोठे केंद्र असल्याने तेथील पंपगृहे, पाणीपुरवठा व ठिबक संचांच्या प्रतिमानांत यूपीव्हीसी (कडक पीव्हीसी प्लास्टिक) फिटिंग प्राधान्याने येतात. आयएस ४९८५ या भारतीय मानकानुसार हे नळ बाह्य व्यासाने ओळखले जातात, तर आयएस १२३९ मधील पोलादी नळ नामांकित आतल्या व्यासाने. चोपडा किंवा रावेरकडे ज्याला ‘चार इंची’ म्हणतात तो प्लास्टिक नळ ११० मिमी बाह्य व्यासाचा असतो. पंपापासून निघणाऱ्या १०० मिमी पोलादी नळाचा बाह्य व्यास मात्र सुमारे ११४ मिमी असतो. परदेशी मानकांवरून बनलेले तयार घटक हा फरक धरत नाहीत. अशा सांध्यासाठी यजमानात दोन्ही टोकांना स्वतंत्र तक्ते द्यावेत. एका बाजूला फ्लँज, दुसरीकडे सॉकेट नेस्ट करावे आणि सॉकेटची आतली खोली उत्पादकाच्या मापपत्रकावरून घ्यावी.

वेगवेगळ्या प्रणालींमध्ये प्रतिमानांची देवाणघेवाण करण्याच्या आयएफसी या खुल्या स्वरूपात, म्हणजे आयएसओ १६७३९ मानकात, पाइप-फिटिंगला स्वतंत्र वर्ग आहे. तथापि निर्यातीत भूमिती व साठवलेली मापे जातात, पॅरामीटरांमधील सूत्रे सहसा जात नाहीत.