सांगली-मिरजेतील धर्मप्रेरित स्त्री-प्रशिक्षण : ‘पुनर्वसन’ या शब्दाची पार्श्वभूमी

मिरजेत 1894 साली मिशनचे रुग्णालय उभे राहिले आणि त्याच्याच आवारात परिचारिकांचे शिक्षण रुजले. पुढे दुष्काळात निराधार झालेल्या मुली व विधवांना पुणे जिल्ह्यातील केडगावात, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये, विणकाम आणि छपाई शिकवली गेली. प्रार्थना आणि हातातले काम तिथे एकाच दिनक्रमात बसलेले होते. धर्मांतराचा वाद तेव्हापासूनचा आहे आणि तो सर्वश्रुत आहे.

सांगलीत खरा गुंता झाला तो ‘पुनर्वसन’ या शब्दाने. यल्लम्माच्या नावाने सोडलेल्या मुलींपैकी, म्हणजे देवदासींपैकी, अनेकींची वाट सीमाभागातून इथल्या वेश्यावस्तीपर्यंत आली. 1956 च्या अनैतिक व्यापारविरोधी कायद्याच्या कलम 17 नुसार, सोडवून आणलेल्या स्त्रीला एक ते तीन वर्षे संरक्षणगृहात ठेवण्याचा आदेश दंडाधिकारी देऊ शकतात, आणि तिथल्या शिवणवर्गालाही पुनर्वसनच म्हटले जाते. एकच शब्द कोंडण्यालाही आणि शिकवण्यालाही वापरला गेला, हे मला या साऱ्या इतिहासातले सर्वांत मोठे नुकसान वाटते. चाळिशी उलटलेल्या, सुईत दोरा ओवताना डोळे बारीक करणाऱ्या बाईला यंत्रासमोर बसवायचे, आणि नगावर मिळणाऱ्या मजुरीत खोलीचे भाडे, सावकाराचा हप्ता व मुलाची फी कशी भागणार हे विचारायचे नाही, अशी ही पद्धत होती.

2003 च्या अमेरिकी कायद्याने एड्स-निधी घेणाऱ्या संस्थांना वेश्याव्यवसायविरोधी धोरण लेखी स्वीकारण्याची अट घातली. 2005 साली सांगलीतील एका संस्थेने तो निधी परत केला. त्याच वर्षी एका परदेशी धर्मप्रेरित संस्थेच्या पुढाकाराने इथल्या वस्तीवर पोलिसांचा छापा पडला. मुलींची सुटका आवश्यक होतीच, याबद्दल दुमत नसावे; पण स्वखुशीने राहणाऱ्या प्रौढ स्त्रियाही त्याच गाडीत बसवल्या जातात, ही वस्तीची तक्रार गंभीरपणे ऐकली गेली नाही.

2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वेश्याव्यवसाय सोडू इच्छिणाऱ्यांना तांत्रिक प्रशिक्षण देण्याचा विषय हाती घेऊन समिती नेमली. त्यातला ‘इच्छिणाऱ्या’ हा शब्द महत्त्वाचा आहे, कारण कौशल्य शिकणे आणि सक्तीने वस्ती सोडणे यांतली गाठ त्याने सैल केली. मे 2022 च्या आदेशात न्यायालयाने वेश्याव्यवसायातील स्त्रियांना पत्त्याच्या पुराव्याचा आग्रह न धरता, एड्स नियंत्रण यंत्रणेच्या प्रमाणपत्रावर आधार कार्ड द्यावे, असे सांगितले. बँकेत खाते उघडणे, सही करणे, रेशन कार्डावर नाव चढवणे हे जीवनकौशल्याचे धडे त्याआधी पत्त्याच्या रकान्यापाशीच अडत होते.