जुन्या वळणाचा फॉन्ट हाताने केलेल्या वस्तूंवर वापरताना

फॉन्ट घेतल्याबद्दल आभार. फाइल उघडून लगेच लेबल करायला बसण्याआधी हे पत्रक एकदा वाचून घ्या. यातल्या बहुतेक गोष्टी आम्हालाही छपाई फसल्यावरच कळल्या.

फोल्डरमध्ये चार फाइली आहेत. 'भरीव' म्हणजे साधं, पूर्ण भरलेलं अक्षर. 'रेघी'मध्ये अक्षराच्या पोटातून एक पांढरी रेघ जाते. 'सावली'त फक्त पडछाया आहे, ती भरीवच्या मागे ठेवायची. आणि 'झिजका' म्हणजे बरीच वर्षं वापरलेल्या ठशासारखा, जागोजागी शाई न लागलेला. चारही इन्स्टॉल करा आणि सॉफ्टवेअर बंद करून पुन्हा उघडा. 'फॉन्ट यादीत दिसत नाही' अशी तक्रार आली की बहुतेक वेळा एवढंच राहिलेलं असतं.

हे वळण आलं कुठून

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला भित्तिपत्रकं मोठी होत गेली आणि धातूचे खिळे, म्हणजे छपाईचे सुटे अक्षर-ठसे, अपुरे पडू लागले. मोठा खिळा ओतला की तो जड होतो, महाग पडतो, आणि थंड होताना त्याचा माथा सपाट राहत नाही. १८२७ मध्ये न्यूयॉर्कच्या डेरियस वेल्स यांनी यंत्राने लाकडी अक्षरं कोरायला सुरुवात केली. १८३४ मध्ये विल्यम लेव्हनवर्थ यांनी त्या यंत्राला पँटोग्राफ (नमुना गिरवून त्याची लहान-मोठी प्रत काढणारी दांड्यांची जोडणी) जोडला, आणि एकाच नमुन्यावरून हव्या त्या मापाचं अक्षर निघू लागलं. मग कारागिरांनी हात मोकळा सोडला. अक्षरं जाड झाली, चिंचोळी झाली, पायांना टोकं फुटली, मागे सावल्या आल्या. चिंचोळी होण्याचं कारण अगदी व्यवहारी होतं: कागदाची रुंदी ठरलेली, आणि नाव तर मोठं दिसायला हवं.

म्हणजे ही अक्षरं रस्त्यापलीकडून वाचली जावीत म्हणून घडली. तुम्ही ती लावणार साबणाच्या वडीवर नाहीतर बोटभर टॅगवर. सगळी अडचण इथून सुरू होते.

आधी माप, मग नक्षी

एक पॉइंट म्हणजे इंचाचा ७२ वा भाग. २४ पॉइंट म्हणजे साधारण साडेआठ मिलिमीटर, पण हे माप अक्षराचं नसतं, अक्षर ज्या अदृश्य चौकटीत बसतं तिचं असतं. देवनागरीत वर मात्रा-वेलांट्यांना आणि खाली उकारांना जागा सोडावी लागते, त्यामुळे मूळ अक्षर त्याहून बरंच लहान निघतं. म्हणून पॉइंटवर विसंबू नका. कागदावर छापा आणि पट्टीने मोजा.

रेघी २४ पॉइंटच्या खाली वापरू नका, असं आम्ही स्पष्टच सांगतो. आमच्या पहिल्या नमुन्यात आम्ही तो मेणबत्तीच्या डबीसाठी रबरी शिक्क्यावर घेतला होता. स्क्रीनवर मोठा करून बघताना देखणा दिसत होता. शिक्का आला, शाई लावली, उठवला, तर आतली पांढरी रेघ नाहीशी! 'ण'चे दोन दांडे मिळून एक झाले होते. रबर दाबलं की शाई कडेला पसरते आणि बारीक फटी भरून टाकते. आता शिक्क्यासाठी आम्ही भरीवच घेतो, आणि अक्षरातली कुठलीही फट छापील मापात अर्ध्या मिलिमीटरपेक्षा कमी राहू देत नाही.

स्क्रीनवर झूम १०० टक्के ठेवला म्हणजे खरं माप दिसतं, असंही नाही. साध्या प्रिंटरवर खऱ्या मापात छापा, कापा, वस्तूला चिकटवा आणि हात लांब करून बघा. नाव वाचता आलं नाही तर नक्षी कमी करा. नक्षी तशीच ठेवून अक्षर ताणू नका, ताणलेलं अक्षर लगेच ओळखू येतं.

हा फॉन्ट वस्तूच्या नावापुरता ठेवा. घटक, वजन, वापरायची पद्धत यांसाठी साधा, शांत फॉन्ट घ्या. एका लेबलवर नक्षीच्या दोन ओळी झाल्या की दोघी भांडतात.

कशावर उठवणार?

खाकी क्राफ्ट कागद शाई पितो, त्यामुळे अक्षर थोडं जाड होतं. मुळातच जाड असलेल्या अक्षराची पोटं त्यात बुजतात, म्हणून अक्षरांत जरा जास्त अंतर ठेवा (फक्त रोमनमध्ये, कारण पुढे येईल). गडद कागदावर पांढरी अक्षरं हवी असतील तर घरचा प्रिंटर ती देऊ शकत नाही, त्याच्याकडे पांढरी शाईच नसते. लाकडावर लेझरने कोरताना कडा जळून रेघ फुगते.

कटिंग मशीनवर झिजका देऊ नका. त्याच्या प्रत्येक ओरखड्याच्या कडेवर ढीगभर बिंदू असतात, मशीन रेंगाळतं आणि व्हिनाइलचे कपटे उडतात. स्टेन्सिल कापणार असाल तर आणखी एक गोष्ट: 'ब', 'व', 'ठ' यांच्या पोटातला तुकडा सुटून पडतो. त्याला धरून ठेवणारे पूल तुम्हालाच काढावे लागतील.

झिजक्याबद्दल थोडं

ठशावरचा खरा ओरखडा एकाच खिळ्यावर असतो. समजा, तुमच्या लेबलवर 'मऊ मेण' लिहिलंय आणि दोन्ही 'म'च्या दांड्यावर त्याच जागी तोच टवका आहे. बघणाऱ्याला कारण सांगता येणार नाही, पण काहीतरी खोटं आहे हे जाणवतं. म्हणून प्रत्येक अक्षराचे तीन अवतार दिले आहेत. ओपनटाइप फॉन्टमधली 'कॉन्टेक्स्च्युअल आल्टरनेट्स' (शेजारची अक्षरं बघून रूप बदलण्याची सोय) चालू ठेवली की ते आपोआप बदलतात. ती सोय नसेल तर ग्लिफ पॅनेलमधून (फॉन्टमधली सगळी अक्षररूपं दाखवणारी चौकट) हाताने बदला. वर्डमध्ये 'कॉन्टेक्स्च्युअल आल्टरनेट्स' फॉन्टच्या 'अ‍ॅडव्हान्स्ड' टॅबमध्ये सापडेल.

आणि जुनेपणा आणायचा म्हणून लेबलवर 'स्थापना' लिहून मागचं एखादं साल टाकू नका. मागच्या वर्षी सुरू केलं असेल तर तेच साल लिहा, छान दिसतं.

देवनागरी लिहिताना

रोमन मोठ्या अक्षरांत अंतर वाढवलं की लेबल ऐसपैस दिसतं. देवनागरीत तेच केलं की शिरोरेघ तुटते आणि शब्दाचे दात पडल्यासारखे दिसतात. अंतर शून्यच ठेवा.

जोडाक्षरं फुटून पायमोडकी दिसू लागली तर दोष बहुधा सॉफ्टवेअरच्या सेटिंगचा असतो. इनडिझाइन या मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये 'वर्ल्ड-रेडी' कंपोझर (अक्षरं जुळवणारी सेटिंग) निवडा. मजकूर युनिकोडमध्येच टाइप करा, जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टमधून चिकटवलेला मजकूर इथे अगम्य होतो. मजकुराची भाषा 'मराठी' ठेवली की 'ल' आणि 'श' मराठी वळणाचे येतात, हिंदी ठेवली तर दुसरे. 'शिल्प' लिहून बघा, दोन्ही एकदम तपासून होतील. मग 'दुसऱ्या' लिहून 'र'चा आडवा फराटा नीट येतो का ते पाहा.

छापखान्याकडे पाठवताना

मजकुराचं आउटलाइनमध्ये, म्हणजे अक्षरांच्या कडांच्या चित्रात, रूपांतर करा, म्हणजे तिथे हा फॉन्ट नसला तरी अक्षर बदलणार नाही. त्याआधी मूळ फाइलची प्रत वेगळी ठेवा, कारण आउटलाइन झाल्यावर ऱ्हस्व-दीर्घ सुधारता येत नाही. भरीव आणि सावली दोन रंगांत छापताना सावली किंचित सरकली तर वाईट वाटून घेऊ नका, लाकडी ठशांच्या दुरंगी छपाईतही ती सरकायची.

परवान्याचं थोडक्यात: वस्तू, लेबलं, पिशव्या कितीही करा आणि विका. फॉन्टची फाइल मात्र कोणाला देऊ नका, आणि सुटी अक्षरं संच म्हणून विकू नका. एखादा शब्द नीट जुळत नसेल तर तो शब्द, सॉफ्टवेअरचं नाव आणि स्क्रीनचा फोटो आम्हाला पाठवा. नुसतं 'अक्षर बिघडलंय' एवढ्यावरून आम्हाला काही शोधता येत नाही.