गाडवाटेवरच्या टी पेशी

मागच्या हिवाळ्यात चोपड्याजवळ मावशीच्या शेतात भरिताचा बेत होता. मावसभाऊ पऱ्हाटीच्या जाळावर वांगी पालटत होता. एक निखारा उडाला, त्याच्या कोपराखालच्या फिकट डागावर पडला आणि तिथेच राहिला. हा आपला गप्पा मारतोय. शेवटी मीच तो झटकला. कातडीला फोड आलेला, आणि याला पत्ता नाही.

पुढच्या आठवड्यात आशाताईंनी त्याला डोळे मिटायला लावले आणि डागावर पेनाचं टोक टेकवलं. तीन डाग, तिन्ही बधिर. आरोग्य केंद्रात निदान झालं, कुष्ठरोग. सहा महिन्यांच्या गोळ्या, त्याही फुकट. गावात 'मागल्या जन्माचं पाप' सुरू झालंच. हा जंतू हान्सेनने १८७३ मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. तो अंगात शिरायला याच जन्मातली हवा पुरते. पण भावाला वेगळंच खात होतं. "मनी ताकद कमी पडनी का रे भाऊ?"

नाही. त्याचं दुखणं ज्या प्रकारचं होतं, त्यात शरीर जोरात लढत असतं. अडचण अशी की प्रतिकारशक्ती म्हणजे गच्चीवरची टाकी, कधी भरलेली कधी रिकामी, असंच आपल्या डोक्यात बसलंय. खरा प्रश्न पाणी किती याचा नाही, ते कुठल्या वाफ्यात सोडलं याचा आहे.

छातीतल्या थायमस ग्रंथीत तयार होऊन टी पेशी, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या लढाऊ पांढऱ्या पेशी, रक्तात येतात तेव्हा त्या कोऱ्या असतात. प्रत्येकीला एकाच आकाराचा तुकडा ओळखता येतो, त्यामुळे एखाद्या जंतूचा ठरावीक तुकडा ओळखणारी पेशी लाखात एखादी. ती शोधत बसायला वेळ नसतो, म्हणून डेंड्रिटिक पेशी कातडीतून जंतूचे तुकडे उचलतात आणि जवळच्या लसिका गाठीत नेतात. पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येतं ते याच गडबडीने. तिथे जुळणारी टी पेशी भेटली की ती भराभर दुणावते. पण नुसतं 'शत्रू सापडला' एवढं पुरत नाही. धोका खरा असल्याची दुसरी खूण लागते, आणि कशा प्रकारचा शत्रू आहे हे सांगणारे रासायनिक निरोप लागतात.

हे निरोप किती निर्णायक असतात ते १९८६ मध्ये कळलं. टिम मॉसमन आणि रॉबर्ट कॉफमन यांनी उंदरांच्या मदतनीस (इतर पेशींना कामाला लावणाऱ्या) टी पेशी वेगवेगळ्या वाढवून त्या काय सोडतात ते पाहिलं. सरळ दोन घराणी पडली. टीएच-१ इंटरफेरॉन गॅमा हा निरोप सोडतात. त्याने जंतू गिळणाऱ्या मॅक्रोफेज पेशी पेटून उठतात आणि पोटातला जंतू मारतात. टीएच-२ इंटरल्युकिन-४ सोडतात. त्या जंतांविरुद्ध कामी येतात, आणि ॲलर्जीतही त्यांचाच हात असतो.

आता माझी आवडती गोष्ट. तापीकाठची काळी माती पावसात कशी होते ते इथल्यांना सांगायला नको. आजोबांच्या शेताकडे जाताना गाडवाट दोन दिशांना फुटायची. पहिल्या पावसात कुठूनही जा. पण दहा गाड्या एका बाजूने गेल्या की चाकं रुतून चाकोरी पडायची. अकरावा गाडीवान काहीही ठरवो, बैल त्याच चाकोरीत जायचे. उन्हाळ्यात तोच चिखल दगडासारखा व्हायचा.

कोऱ्या टी पेशीत हेच होतं. तिच्यात टी-बेट नावाचं एक प्रथिन तयार होऊ लागतं. ते इंटरफेरॉन गॅमाचं जनुक उघडतं. बाहेर पडलेलं इंटरफेरॉन फिरून त्याच पेशीच्या दारावर येतं आणि आतला निरोप्या स्टॅट-१ जागा करतं. तो आणखी टी-बेट करवून घेतो. शिवाय टी-बेटमुळे पेशीवर इंटरल्युकिन-१२ पकडणारे हात वाढतात, त्यातून स्टॅट-४ जागा होतो, आणि इंटरफेरॉन पुन्हा वाढतं. तिकडे टीएच-२च्या वाटेवर गाटा-३ हे प्रथिन बसलंय. इंटरल्युकिन-४ आलं की स्टॅट-६ मार्फत गाटा-३ वाढतं, ते स्वतःचंच जनुक आणखी चालवतं आणि स्टॅट-४ला दाबतं. टी-बेट उलट गाटा-३ला धरून निकामी करतं. म्हणजे दोघं एकमेकांची वाट बुजवतात आणि आपली खोल करतात. सुरुवातीला फरक दोन-चार रेणूंचा असेल, पण काही दिवसांत नको असलेल्या बाजूचं जनुक गुंडाळून आवळून ठेवलं जातं, आणि पेशी दुभंगली की ती गुंडाळी लेकींकडेही जाते. वाळलेली चाकोरी ती हीच. (स्टॅटच्या आकड्यांत घोटाळा झाला असेल तर आकडे सोडा, बैल लक्षात ठेवा.)

कुष्ठरोगात हे डोळ्यांना दिसतं. १९९१ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी रुग्णांच्या कातडीचे तुकडे तपासले. ज्यांना मोजकेच डाग आणि जंतू जवळपास नाहीतच, त्यांच्या डागांत इंटरफेरॉन गॅमाचं राज्य. ज्यांच्या अंगभर गाठी आणि जंतूंचा बुजबुजाट, त्यांच्यात इंटरल्युकिन-४ आणि इंटरल्युकिन-१०. जंतू तोच, वाट दुसरी. या दुसऱ्या गटात प्रतिपिंडं (अँटीबॉडी) भरपूर बनतात, पण जंतू पेशींच्या आत दडलेला, तिथे प्रतिपिंडं पोचत नाहीत. भाऊ पहिल्या गटातला. जंतू मज्जातंतूंभोवतीच्या पेशींत राहतो, त्यामुळे त्याच्या टी पेशींनी जी लढाई मारली ती मज्जातंतूच्या अंगणात. बधिरपणा बराचसा त्या लढाईचा.

वाटा दोनच नाहीत. टीएच-१७ बुरशी आणि काही जीवाणूंवर न्यूट्रोफिल या जंतू गिळणाऱ्या पेशी धाडतात, आणि त्या बऱ्याचदा रस्ता बदलतात. सगळीच चाकोरी दगडाची नसते. काही टी पेशी बी पेशींना चांगली प्रतिपिंडं बनवायला शिकवतात. मारेकरी सीडी८ पेशींचं घराणंच निराळं. आणि आवरून धरणाऱ्या नियामक टी पेशी: त्यांची सूत्रं फॉक्सपी-३ या जनुकाच्या हाती. २०२५चं वैद्यकातलं नोबेल मेरी ब्रंको, फ्रेड रॅम्सडेल आणि शिमोन साकागुची यांना मिळालं ते या आवर घालण्याच्या व्यवस्थेच्या शोधासाठी. ते जनुक बिघडलेली मुलं आपल्याच प्रतिकारशक्तीच्या हातून तान्हेपणीच आजारी पडतात.

त्यामुळे जळगावच्या स्टँडबाहेर 'इम्युनिटी वाढवा' असा काढ्याचा फलक दिसला की विचारावंसं वाटतं, बाबा रे, कुठली? टीएच-१ की टीएच-२? भावाची तर आधीच इतकी वाढलेली की हात बधिर झाला. ताजा भाजीपाला, पुरेशी झोप, लस, याबद्दल तक्रार नाही. बाटलीबद्दल आहे.

गोळ्यांचा कोर्स पावसाळ्याआधी संपला. दोन डागांचा रंग जवळजवळ परतलाय. यंदा पुन्हा भरीत झालं तेव्हा मावशीने त्याला लांब बाह्यांचा शर्ट घालूनच जाळाजवळ बसू दिलं. जेवण झाल्यावर मी डोळे मिटायला लावून पेन टेकवलं. मनगटाकडे "आठे" म्हणाला, दंडाकडेही म्हणाला. कोपराखाली तीनदा टेकवलं, तर विचारतो, "लायं का नही अजून?"