उपग्रह चित्रांवरून भू-आच्छादन नकाशा: काम देण्यापूर्वी हे वाचा

भू-आच्छादन नकाशा म्हणजे जमिनीवर कुठे रान, कुठे शेत, कुठे बाग आहे हे दाखवणारा नकाशा. तो करून घेताना चित्र किती स्पष्ट, हे सगळेच विचारतात. गोव्यात त्याआधी विचारायला हवे: चित्र कोणत्या महिन्यातले?

ऑक्टोबरच्या सुरुवातीला सड्यावरचे (जांभ्या दगडाच्या पठारावरचे) गवत आणि भातशेती दोन्ही हिरवी दिसतात. जानेवारीत सडा वाळून तांबूस होतो, वायंगण (हिवाळी भाताचे) शेत मात्र हिरवे असते. मार्चअखेर पानगळीचे रान उघडे पडते, काजू हिरवाच राहतो. म्हणून एका वर्षाचा नकाशा आम्ही या तिन्ही वेळच्या चित्रांवरून करतो. सत्तरी-सांगे तालुक्यांतल्या सदाहरित रानालगतची काजूबाग तरीही फसवते. तिथे जागेवर जाऊन पाहण्याला पर्याय नाही. कुळागरात, म्हणजे माड-पोफळीच्या मिश्र बागेत, वरून माड-पोफळीचे शेंडेच दिसतात. खालची मिरी-केळी मोजून देण्याचे कोणी कबूल केले, तर विश्वास ठेवू नका.

आम्ही मुख्यतः सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहांची मोफत चित्रे वापरतो. त्यातला एक ठिपका १० बाय १० मीटरचा, म्हणजे हेक्टरात १०० ठिपके. ५०० चौरस मीटरच्या तुकड्यात जेमतेम पाच, आणि त्यांतही शेजारच्याची झाडे मिसळलेली. पाव हेक्टरपेक्षा लहान जागेसाठी ड्रोनच बरा.

खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या सखल जमिनीत, भरती-ओहोटी घोळ घालते. उपग्रह सकाळी साधारण अकराला येतो, पण त्या वेळी पाणी दर तारखेला वेगळे. भरतीत खारफुटीची कड पाण्यात जाते, ओहोटीत चिखल उघडा पडतो. भरतीचे कोष्टक न पाहता दोन वर्षांची तुलना केली, तर खारफुटी वाढल्याचा किंवा घटल्याचा नुसता भास होतो.

जुन्या-नव्या चित्रांत आणखी एक खोच आहे. २५ जानेवारी २०२२ पासून युरोपीय अवकाश संस्था या चित्रांच्या आकड्यांत १००० मिळवून देते. लाल पट्ट्यात ४०० आणि निकट अवरक्तात (डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशाच्या पट्ट्यात) ३२०० असलेल्या झाडीचा हरित निर्देशांक, म्हणजे हिरवेपणाचे माप, ०.७८ येतो. तेच आकडे १४०० आणि ४२०० झाले की ०.५०. झाड एकही तुटलेले नसते! ज्या चित्रांत १००० मिळवलेले आहेत, त्यांतून आधी ते वजा करायचे, मगच तुलना. दुसऱ्या कोणाकडून नकाशा घेतलात, तरी हे विचाराच.

तुमच्याकडून लागतात ते जागेवरचे बिंदू, म्हणजे तिथे प्रत्यक्ष काय आहे हे पाहून नोंदवलेली ठिकाणे. मोबाईलवर स्थान नोंदवताना बांधावर उभे राहू नका, शेताच्या किंवा बागेच्या आत किमान २० मीटर जा. तारखेसह फोटो घ्या. तपासणीसाठी आच्छादनाच्या प्रत्येक प्रकाराचे निदान ५० बिंदू हवेत, आणि ते संगणकाला ज्या बागांवरून शिकवले त्या बागांतले नकोत; नाहीतर अचूकता कागदावरच फुगते. चिरेखाण, कौलारू छप्पर आणि नांगरलेली जमीन एकाच तांबड्या रंगाची दिसतात, तेव्हा त्यांचे बिंदू जरा जास्तच द्या.

हद्दीच्या वादात हा नकाशा चालत नाही. त्यासाठी एक-चौदाचा उतारा (गोव्यातली जमिनीची सरकारी नोंद) आणि सर्वे प्लॅनच लागतो.